चौथा

कर्द्याच्या फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान.
संध्याकाळी बाकड्यावर पाच-सहा जण जमले
की विषय तोच: मोठा कोण,
दाऊद मुकादम, पांड्या पावसे की गजा मळेकर.
ज्यांनी एकालाही पळताना पाहिलं नाही
ते सगळ्यात मोठ्याने बोलतात.

अमावास्येच्या ओहोटीला समुद्र पार लांब जायचा.
ओली वाळू सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट.
डांबराची चार पिंपं, चार गाड्या, चार फेऱ्या,
सगळी वळणं डावी.
ब्रेक आधीच काढून ठेवलेले.
डाव्या बुटाला होडीच्या कण्याची लोखंडी पट्टी,
ती वाळूत घासली की
पार खडपावरचे बगळे उठायचे.

दाऊद कधी मागे बघायचा नाही.
म्हणायचा, ऐकू येतंय तेवढं पुरे.
सव्विसाव्या वर्षी कुवेतला गेला.
आदल्या दिवशी शर्यत जिंकला, रात्री जावा विकली,
त्यात तिकीट आणि बहिणीला शिलाई मशीन.
बाकड्यावर म्हणतात, राहिला असता तर...
ते वाक्य अजून कोणी पुरं केलेलं नाही.

पांड्या लागोपाठ नऊ अमावास्या पहिला.
दहाव्या वेळी आला, गाडी उभी केली,
पिंपापुढे नारळ वाढवला, प्रत्येकाच्या हातावर
खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि चालत घरी गेला.
वय तेवीस.
कोणी म्हणतं, देवीने डावा कौल दिला.
जन्मभर ज्याचा हात डाव्या वळणावर बसलेला
त्याला डावा कौल!
हर्णैच्या लिलावात भेटला तेव्हा मी विचारलं, का रे?
तो म्हणाला, बरफ लय म्हाग झालाय.

गजाचं सगळ्यांना पाठ आहे.
तिसरं पिंप, मांडीचं हाड, खाटेवरून दापोली.
वर्षभरात चालायला लागला, धावायलाही.
पण गाडीवर बसला नाही.
भ्याला, असं बाकडं म्हणतं.

चौथी गाडी माझी होती.
चौथ्याला कोणी विचारत नाही,
आणि खरं सांगायचं तर त्यालाच सगळं ठाऊक असतं.
त्यांची तोंडं मी फार पाहिली नाहीत,
मी त्यांची वाळू खाल्ली.
दाऊदची बारीक, पिठासारखी, डोळ्यांत जाणारी.
पांड्याची ओली, ढेकळंच्या ढेकळं, छातीवर.
गजाची माझ्या अंगावर यायचीच नाही.
माझ्यापुढे असला की तो वळण रुंद घ्यायचा,
वाळू बाहेर समुद्राकडे उडावी म्हणून.
मी कधी सांगितलं नव्हतं त्याला.
माझा चष्मा त्याने पाहिला असावा,
दोरीने कानामागे बांधलेला.

तिसऱ्या पिंपाच्या बाहेर त्या दिवशी
खेकड्यांनी भुसभुशीत केलेला पट्टा होता.
आतून गेलेल्यांना तो लागला नाही.
मीही आतून गेलो.
त्या दिवशी मी तिसरा आलो,
आयुष्यात एकदाच.

पुढे एकेचाळीसपर्यंत पळत राहिलो.
कधी थांबलो ते आठवत नाही,
कोणाला विचारावं तर
कोणाच्या लक्षातही नाही.
मोठे लवकर थांबले, हे खरं.
मी उशिरा थांबलो त्याचं कारण
मला थांब म्हणायला काही नव्हतंच.

आता तिथे पर्यटक भाड्याच्या गाड्या फिरवतात,
उजवीकडे, डावीकडे, कशाही.
एखादी माझ्याकडे येते, चाकात शिंपला घुसलेली.
टायर उचकटायला मी एक लोखंडी पट्टी वापरतो,
एका बाजूने झिजून पात्यासारखी झालेली.
कुबडीवर असताना गजा ती ठेवून गेला.
म्हणाला, तुजा धंदा हाय, तुला लागंल.

बाकड्यावर वाद चढतो तेव्हा
मी मान खाली घालून ट्यूब पाण्यात बुडवतो
आणि बुडबुडा कुठून येतोय ते बघतो.